गंगापूर रोडचं मरीन दुकान: मासा महाग आहे पण दीड महिना क्वारंटाइन करूनच देतात

नाशिकमध्ये गोड्या पाण्यातल्या माशांची दुकानं भरपूर आहेत पण मरीनचा, म्हणजे खाऱ्या पाण्यातला शोभेचा मासा घ्यायचा म्हटलं की आपण सगळे मुंबईकडे बघतो, कोणी क्रॉफर्ड मार्केटला जाणार असेल तर त्याला सांगायचं नाहीतर ट्रान्सपोर्टने थर्माकोलचा बॉक्स मागवायचा, तो कसारा घाट चढून येईपर्यंत मासा अर्धमेला, आणि मग तसाच थेट घरच्या मुख्य डिस्प्ले टँकमध्ये. गंगापूर रोडला आतल्या बाजूला हे दुकान सुरू झाल्यापासून मी मासे इथूनच घेतोय. जरा सविस्तर लिहितो कारण इथले भाव ऐकून लोक दारातूनच परत फिरतात आणि ते मला बघवत नाही.

तर भाव आधी. बाहेर मिळतो त्याच्या दीडपट ते पावणेदोनपट, टँग जातीच्या माशांना त्याहूनही जास्त. घासाघीस चालत नाही. पण मासा आला की तो लगेच विकायला नसतोच, मागच्या खोलीत जातो आणि साधारण दीड महिन्याने पुढे येतो. मालकांना आम्ही सगळे दादाच म्हणतो, त्यांनी मला पहिल्याच भेटीत काचेच्या दारातून ती खोली दाखवली, आत जाऊ दिलं नाही आणि ते बरोबरच आहे. टँकमध्ये वाळू नाही, दगड नाही, नुसते पीव्हीसी पाइपचे तुकडे लपायला, स्पंज फिल्टर आणि हीटर. वाळू-दगड कॉपर (परजीवी मारायचं तांब्याचं औषध) शोषून घेतात आणि मग पाण्यात औषध किती उरलंय ते कळत नाही म्हणून रिकामा टँक. प्रत्येक टँकची जाळी वेगळी, सायफनचा पाइप वेगळा, जाळीच्या दांड्याला लावलेल्या टेपचा रंग आणि टँकवरच्या टेपचा रंग सारखा, त्यामुळे काम करणाऱ्या पोराची गल्लत होत नाही. खोली पुढच्या टँकपासून लांब ठेवण्यामागेही कारण आहे, वेल्वेट या माशांच्या रोगाचा परजीवी एअर स्टोनच्या बारीक तुषारांतून शेजारच्या टँकमध्ये जाऊ शकतो, त्यामुळे दोन टँकमध्ये दहा फूट तरी अंतर हवं असं जाणकार सांगतात.

आता बरेच दुकानदार म्हणतात की आमचा मासा क्वारंटाइन केलेला आहे. माझ्या मेव्हण्याने असाच एक पावडर ब्लू टँग घेतला होता, दुकानाचं नाव घेत नाही, तिथे तो आठवडाभर होता म्हणे, पण होता कुठे तर बाकी सगळ्या माशांसोबत एकाच सम्पवर (खालच्या गाळणीच्या टाकीवर). सगळ्या टँकचं पाणी एकच, म्हणजे एकाला झालं की सगळ्यांना. घरी आणल्यावर तो मासा पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) धारेत जाऊन उभा राहायला लागला, लाइट लावला की तोंड फिरवायचा, श्वास भराभर चालू, अंगावर पिठूळ सोनेरी थर. वेल्वेट. दोन-तीन दिवसांत टँकमधला एकेक मासा गेला, जुने क्लाउन मासे धरून. त्यातला एक क्लाउन मेव्हण्याच्या मुलीने नाव ठेवून पाळलेला होता. दुकानात किती दिवस होता याला अर्थ नाही, तिथे काय केलं ते विचारा.

इथे काय करतात ते मी विचारून विचारून घेतलंय. मासा आला की आधी नजरेने तपासणी, मग कॉपर. दादा चिलेटेड प्रकारचं कॉपर वापरतात, पातळी 2 ते 2.5 पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) मध्ये, पण पहिल्या दिवशी एकदम नाही, तीन-चार दिवसांत हळूहळू चढवतात म्हणजे मासा खाणं सोडत नाही. तिथून पुढे 30 दिवस ती पातळी खाली येऊ द्यायची नाही. हे 30 दिवस का हे समजलं की किंमत पण समजते. मरीन इच, ज्याला आपण व्हाइट स्पॉट म्हणतो, त्याचा परजीवी माशाच्या कातडीत शिरलेला असतो तेव्हा कॉपर त्याला काही करत नाही. मग तो माशावरून गळून तळाला जातो आणि कवच करून बसतो, तेव्हाही काही करत नाही. कवच फुटून शेकडो पिल्लं पोहत बाहेर येतात तेवढ्याच वेळात कॉपर त्यांना मारतं. ते कवच काही दिवसांत फुटेल नाहीतर काही आठवडे तसंच राहील, त्यामुळे पाण्यात औषध कायम तयार पाहिजे. मध्येच पातळी घसरली तर मोजणी पुन्हा एकपासून. ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला असं समजून औषध बंद करणारे लोक इथेच फसतात, ठिपके गेले म्हणजे परजीवी तळाला गेलाय, पिल्लं घेऊन परत येणार.

मोजमाप कसं होतं ते एकदा समोर बघितलं. डिजिटल चेकर आहे, रंग बघून अंदाज करायची पट्टी नाही. काचेची छोटी बाटली कपड्याने पुसून आधी नुसत्या पाण्याचं झिरो घेतलं, मग पावडरची पुडी टाकून हलवलं, वाट बघितली, आकडा आला 2.21. टँकला चिकटवलेल्या कागदावर तारीख आणि आकडा लिहिला, वर आधीच्या सगळ्या तारखा होत्याच. तो कागद मासा पुढे विकायला येतो तेव्हा सोबतच येतो, तुम्ही मागितला तर फोटो काढू देतात. मला या दुकानाची सगळ्यात आवडलेली गोष्ट हा कागद.

ज्यांना घरीच करायचंय त्यांच्यासाठी एक सांगतो, आयोनिक कॉपर आणि चिलेटेड कॉपर हे औषधाचे दोन प्रकार, त्यांचे आकडे एक नाहीत. आयोनिकवालं 0.5 पीपीएमच्या आसपास ठेवायचं असतं, ते 2 ला नेलं तर मासे मरतील, आणि चिलेटेडवालं 0.5 ला ठेवलं तर परजीवी मजेत जगेल. बाटलीवर वाचा. आणि कॉपर चालू असताना अमोनियासाठी प्राइमसारखं काही ओतू नका, कॉपर जास्त विषारी होऊ शकतं, त्यापेक्षा पाणी बदला. कॉपरने कोळंबी, गोगलगाय, कोरल मरतात त्यामुळे हे कधीच डिस्प्ले टँकमध्ये करायचं नाही.

कॉपरनंतर फ्लूकसाठी (माशाला चिकटणारे चपटे परजीवी किडे) प्राझिक्वांटेल हे जंतांचं औषध, दोन डोस, मध्ये साधारण आठवड्याचं अंतर कारण औषध अंडी मारत नाही, अंड्यातून बाहेर आलेले दुसऱ्या डोसात जातात. एकदा नवीन आलेल्या एंजल माशाला दादांनी खोलीच्या दाराशीच गोड्या पाण्यात बुडवून दाखवलं होतं. काळं घमेलं, आरओचं पाणी, तापमान आणि पीएच टँकच्या पाण्याशी जुळवलेलं, एअर स्टोन चालू, पाच मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला घमेल्याच्या तळाशी तिळासारखे पांढरे तुकडे दिसायला लागले. ते फ्लूक, माशाच्या अंगावर पारदर्शक असतात म्हणून दिसत नाहीत, गोड्या पाण्यात पांढरे होऊन गळतात. वरून तो मासा एकदम ठणठणीत दिसत होता, मी असतो तर लगेच पैसे दिले असते.

क्लाउनफिशचं इथे वेगळं बघतात. समुद्रातून पकडलेल्या क्लाउनला बऱ्याचदा ब्रुकलिनेला हा परजीवी रोग होतो, अंगावरून चिकट पांढरी साल निघते, त्यावर कॉपर चालत नाही, फॉर्मलिनचा बाथ द्यावा लागतो, आणि फॉर्मलिन हे घरी खिडक्या बंद करून हाताळायचं औषध नाही. दादा शक्यतो टँकमध्येच जन्मलेले क्लाउन आणतात. आपल्याकडे सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनच्या प्रजननाचं तंत्र केव्हाच बसवलंय, त्यामुळे पकडलेला क्लाउन घ्यायची गरजच नाही असं त्यांचं म्हणणं आणि मला ते शंभर टक्के मान्य आहे.

विकायला आणण्याआधी मासा काही दिवस बिनकॉपरच्या स्वच्छ टँकमध्ये असतो. पैसे देण्याआधी तुमच्या समोर खायला घालतात, गोठवलेली मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) आणि पेलेट (कोरडे दाणे) दोन्ही. खाल्लं नाही तर तो मासा त्या दिवशी देत नाहीत. मला एकदा बटरफ्लाय मासा पाहिजे होता, रविवारी घरी पाहुणे होते, मी दोनदा विनंती केली, दादा म्हणाले "भाऊ, अजून पेलेटला तोंड लावत नाहीये तो, पुढच्या आठवड्यात या." वाईट वाटलं तेव्हा. पण असा दुकानदार मी दुसरा बघितला नाही.

गोगलगाय आणि कोळंबी कॉपरमध्ये ठेवता येत नाहीत तर त्या माशांशिवायच्या टँकमध्ये ठेवतात, मासा नसला की परजीवी उपाशी मरतो. जुना हिशोब 76 दिवसांचा, पाणी 27 डिग्रीला ठेवलं तर आता बरेच जण 45 दिवस पण म्हणतात. इथे 76 च पाळतात त्यामुळे हा माल कायम कमी असतो.

तक्रारी पण आहेत. माशांची निवड फार थोडी, महिन्यातून एखादी नवी बॅच, आणि पावसाळ्यात घाटात ट्रॅफिक अडकायला लागलं की दादा माल मागवतच नाहीत. फोन उचलत नाहीत, मेसेजला उत्तर रात्री उशिरा. गाडी लावायला जागा नाही. आणि कॉपर सोसत नाही अशा माशांचं काय करता हे विचारलं तर मला नीट उत्तर मिळालं नाही, "ते वेगळं करतो" एवढंच. त्याचाही कागद लावायला पाहिजे.

वीज गेली तर इन्व्हर्टर आणि वर बॅटरीचे एअर पंप आहेत हे बघून घेतलंय, आणि जानेवारीत नाशिकचा पारा 10 च्या खाली जातो तेव्हा मागच्या खोलीत प्रत्येक टँकला दोन-दोन छोटे हीटर असतात, एक बंद पडला तरी दुसरा चालू.

मालेगाव-धुळ्याकडून येणार असाल तर आदल्या दिवशी मेसेज करून त्यांच्या टँकची सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा) विचारा, बहुतेक वेळा 1.025 असते, आणि घरी तेवढीच करून ठेवा. लांबच्या प्रवासात पिशवीत अमोनिया साठतो, पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून पीएच वर जातो आणि तोच अमोनिया विषारी होतो, त्यामुळे उघड्या पिशवीत तासभर ड्रिप लावत (टँकचं पाणी थेंबथेंब सोडत) बसू नका, तापमान जुळवा आणि मासा जाळीने टँकमध्ये सोडा, पिशवीतलं पाणी ओतायचं नाही. तयार खारं पाणी वीस लिटरच्या जारमध्ये इथेच मिळतं, जार आपला न्यावा लागतो. पाचपैकी साडेचार, अर्धा फोनसाठी कापलाय.