प्राइम९५: सॉफ्टवेअर फुकट, वीजबिल तुमचं

जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६मध्ये सुरू केलेल्या गिम्प्स (इंटरनेटवरून सगळ्यांनी मिळून मर्सेन मूळ संख्या शोधायच्या) प्रकल्पाचं हे सॉफ्टवेअर. मुख्य काम एकच: २चा प-वा घात वजा १, म्हणजे मर्सेन संख्या, मूळ आहे का ते तपासणं.

मर्सेनच का? द्विमान पद्धतीत ही संख्या नुसती एकांची रांग असते. त्यामुळे तिने भागून बाकी काढायला भागाकाराची कटकटच नाही. वरचे अंक कापून खालच्यांत मिळवले की बाकी हातात. अवयव असलाच तर तोही २×क×प+१ याच साच्यातला. २०४७चे (प=११) २३ आणि ८९ पाहा. म्हणूनच मुख्य चाचणीआधी अवयव शोधून बरेच उमेदवार स्वस्तात बाद होतात.

मर्सेन संख्या मूळ आहे का ते ठरवणारी ल्युकास-लेहमर चाचणी कागदावरही जमते. १२७ घ्या (प=७). ४पासून सुरुवात, दरवेळी वर्ग करून २ वजा, मग १२७ने भागून बाकी: ४, १४, ६७, ४२, १११, ०. प−२ म्हणजे पाच पायऱ्यांनी शून्य आलं, तर संख्या मूळ.

आता प १३,६२,७९,८४१ ठेवा. ४,१०,२४,३२० अंकी ही मूळ संख्या २०२४मध्ये सापडली. साडेतेरा कोटींहून जास्त पायऱ्या, आणि मध्येच एक बिट चुकला तर पुढचं सगळं पाण्यात, तेही कळल्याशिवाय! पूर्वी म्हणूनच दुसऱ्या मशीनवर अख्खी चाचणी पुन्हा करावी लागे. आता फर्माच्या पद्धतीची पीआरपी ('प्रोबेबल प्राइम') चाचणी गेरबिच तपासणीसह (हिशेब बरोबर चाललाय का ते मधूनमधून पाहणारी) चालते: चूक सापडली की प्रोग्राम शेवटच्या खात्रीच्या टप्प्यावर मागे जातो. शेवटी पुरावा-फाइल बनते आणि ती पडताळायला मूळ कष्टाच्या एक टक्काही लागत नाही. माझे चार तारे याच एका गोष्टीला. पीआरपीचा निकाल मात्र 'बहुधा मूळ' एवढाच, शिक्का ल्युकास-लेहमरचाच.

पुराव्यासाठी डिस्क लागते: या आकाराला वाटेत साठवलेली एक बाकी १७ एमबीची, अशा २५६, म्हणजे चार जीबीच्या वर. प्रोग्रामच्या रिसोर्स लिमिट्स सेटिंगमध्ये तेवढी जागा द्या. तिथेच पी−१च्या (अवयव शोधायच्या पद्धतीच्या) दुसऱ्या टप्प्याची मेमरीही वाढवा. मूळ सेटिंग फारच कंजूस आहे. १६ जीबी रॅम असेल तर ६-८ खुशाल द्या. साध्या डेस्कटॉपवर सगळे कोअर एकाच वर्करला (म्हणजे एका वेळी एकाच चाचणीला) लावून पाहा. अडतं ते बहुतेकदा रॅमच्या वेगावर, म्हणून एकच रॅम स्टिक असेल तर प्रोसेसर नुसता वाट पाहत बसतो.

'राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४' असं आलं तर दोष बहुधा तुमच्या हार्डवेअरचा. आधी ओव्हरक्लॉक (प्रोसेसरचा वाढवलेला वेग) आणि एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारं सेटिंग) काढा. स्ट्रेस टेस्टपुरतंच (मशीनवर पूर्ण ताण देऊन पाहायला) हवं असेल तर प्रोसेसर आणि कूलरसाठी स्मॉल एफएफटी हा पर्याय, रॅमसाठी ब्लेंड. स्कायलेक प्रोसेसरमधला दोषही याच प्रोग्रामने उघडा पाडला आणि इंटेलने २०१६मध्ये तो मान्य केला.

एक तारा कापला तो जुनाट खिडक्यांसाठी आणि ग्राफिक्स कार्ड वापरत नाही म्हणून. २०२४ची संख्या तर एनव्हिडिया ए१०० कार्डवर सापडली. तसं डबल प्रिसिजनमध्ये (जास्त अचूक दशांश गणितात) दमदार कार्ड असेल तर हेच काम कार्डवर करणारा जीपीयूआउल प्रोग्राम घ्या. गेमिंग कार्डं मात्र नेमकी तिथेच लंगडी पडतात. आणि लॅपटॉपवर हे महिनोन्महिने चालवू नका, एव्हीएक्सची (प्रोसेसरच्या जड गणिताच्या आज्ञांची) उष्णता त्याच्या पंख्याला झेपत नाही.