जनऔषधी केंद्रातली सिटाग्लिप्टिन : दहा गोळ्या 60 रुपये, पण कुठल्या तारखेनंतर?

नागपुरात मेडिकल, मेयो नाहीतर धंतोलीतल्या दवाखान्यातून शुगरची चिठ्ठी हातात पडली की विचार सुरू होतो, ब्रँडची स्ट्रिप घ्यायची की जनऔषधीची, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त दुकानाची? सिटाग्लिप्टिन या शुगरच्या गोळीपुरतं उत्तर सोपं आहे : जनऔषधीची. सप्टेंबर 2022 मध्ये ती केंद्रांवर आली तेव्हा 50 मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या 60 रुपयांना होत्या, 100 मिलिग्रॅमच्या 100 रुपयांना, तर मेटफॉर्मिन या शुगरच्या दुसऱ्या औषधासोबतची जोडगोळी (50/500 मिलिग्रॅम) 65 रुपयांना. ब्रँडच्या स्ट्रिपला तेव्हा 162 ते 258 रुपये पडत. आजचा भाव आणि जवळचं केंद्र ‘जनऔषधी सुगम’ अ‍ॅपवर सापडतं.

ही गोळी सप्टेंबरातच का आली? मूळ पेटंटची, म्हणजे एकाच कंपनीच्या हक्काची, 20 वर्षं जुलै 2022 मध्ये भरली म्हणून. एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या दुसऱ्या गोळीचंही तेच. मार्च 2025 मध्ये पेटंट संपलं आणि साठेक रुपयांची गोळी काही कंपन्यांनी दहाच्या आत आणली. रसायन तेच होतं.

1970 च्या आपल्या कायद्यात औषधावर पेटंट नव्हतं, ते बनवण्याच्या पद्धतीवरच होतं. पद्धत बदला आणि औषध बनवा. आपला औषध उद्योग यावरच उभा राहिला. 1995 मध्ये जागतिक व्यापार संघटनेचा ट्रिप्स करार आला आणि मिळालेली मुदत संपून 1 जानेवारी 2005 पासून औषधावरही पेटंट द्यावं लागलं. मक्तेदारी नसेल तर संशोधनावर पैसा कोण लावेल, हा श्रीमंत देशांचा सवाल. तो खोटा नाही. पण 2001 च्या दोहा जाहीरनाम्याने लोकांच्या आरोग्यासाठी सरकारांना सक्तीचा परवाना देता येतो, म्हणजे पेटंटवाल्याची संमती नसतानाही दुसऱ्या कंपनीला औषध बनवू देता येतं, हे स्पष्ट केलं, आणि भारताने तो 2012 मध्ये वापरला. कॅन्सरच्या सोराफेनिबचा महिन्याचा खर्च 2,80,428 रुपये होता. नॅटको या भारतीय कंपनीला परवाना मिळाला तो महिन्याचं औषध 8,880 रुपयांत विकण्याच्या अटीवर.

दुसरं हत्यार म्हणजे आपल्या पेटंट कायद्याचं कलम 3(ड). ते समजायला सिटाग्लिप्टिनचीच स्ट्रिप उलटी करा. सिटाग्लिप्टिन फॉस्फेट मोनोहायड्रेट 64.25 मिलिग्रॅम म्हणजे सिटाग्लिप्टिन 50. औषध 50 च, बाकी वजन फॉस्फेट आणि पाण्याचं. जुन्याच औषधाचा असा नवा क्षार काढला तर गुण जास्त असल्याचं दाखवल्याशिवाय नवं पेटंट नाही, असं हे कलम सांगतं. याच कलमावर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ग्लिवेक या कॅन्सरच्या औषधाच्या पेटंटचा अर्ज पडला. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाला हे कलम वर्षानुवर्षं खुपतंय.

आता काउंटरवर काय बघायचं. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. ताकद जुळवताना 50 हा आकडा धरा, 64.25 नाही. मेटफॉर्मिनची जोडगोळी असेल तर साधी की एसआर, हे नीट वाचा. एसआर हळूहळू सुटते, ती चुरायची नसते आणि साधीच्या जागी परस्पर चालत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर सिटाग्लिप्टिनचा डोस कमी लागतो, तेव्हा घरच्या घरी 50 चं 100 करू नये.

सगळ्यात जास्त गडबड घरी होते. रंग-आकार बदलला की म्हातारी माणसं जुनी ब्रँडची गोळीही घेतात आणि नवीही. सोबत ग्लिमेपिराइड ही शुगरची आणखी एक गोळी असेल आणि त्याचाही ब्रँड बदलून दुहेरी डोस गेला तर साखर धाडकन उतरते, घाम, थरथर, चक्कर. नवी स्ट्रिप आली की जुनी डब्यातून काढून टाका.

केंद्राची उणी बाजूही आहे. एका खेपेला सगळं मिळेलच असं नाही, म्हणून गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी जा. आणि पेटंट चालू असलेली कॅन्सरची नवी औषधं इथे शोधू नका; त्यांच्या पेटंटची तारीख अजून उलटलेली नाही.

मे महिन्यात बर्डीच्या बाजारातून औषध घेतलं तर स्ट्रिप गाडीच्या डिक्कीत ठेवून पुढच्या कामाला जाऊ नका. बाहेर 45 अंश असताना डिक्कीत त्याहून वर जातं, आणि पाकिटावर लिहिलेलं असतं 30 च्या आत.