सोफोसबुवीर + डॅक्लाटासवीर, १२ आठवड्यांचा कोर्स: मावशीने घेतला, रिव्ह्यू मी लिहितेय

आधीच सांगते, ५ पैकी ५. मिक्सर आणि मोबाईलच्या कव्हरवर आपण पानभर रिव्ह्यू लिहितो आणि जी गोळी हेपटायटिस सी चा (यकृताला सूज आणणारा) व्हायरस अंगातून मुळासकट काढून टाकते तिच्याबद्दल मराठीत शोधलं तर लिव्हर डिटॉक्सच्या जाहिरातीच आधी समोर येतात, म्हणून लिहायला बसले. मी ऑरगॅनिक केमिस्ट्रीवाली, फार्माच्या आर अँड डी मध्ये सिंथेसिस करते, त्यामुळे थोडी केमिस्ट्री येणारच, ती नको असेल तर मधले पॅरा सोडून द्या, पण माझ्या मते या प्रॉडक्टची खरी गंमत तिथेच आहे.

काय घेतलं: सोफोसबुवीर ४०० मिग्रॅ आणि डॅक्लाटासवीर ६० मिग्रॅ, रोज एकेक, १२ आठवडे, भारतात बनलेलं जेनेरिक. ब्रँडचं नाव टाकत नाही कारण सरकारी सेंटरवर जो स्टॉक आलेला असतो तोच मिळतो.

कुणी घेतलं: मावशीने, सांगलीला असते, साठी ओलांडलेली. नव्वदच्या दशकात तिचं पिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा रक्त चढवलं होतं, आणि आपल्याकडे रक्तपेढीत हेपटायटिस सी ची तपासणी बंधनकारक झाली ती २००१ मध्ये. म्हणजे बहुतेक तेव्हापासून हा व्हायरस तिच्या अंगात गपचूप बसलेला. कावीळ नाही, दुखणं नाही, थोडा थकवा होता तो सगळ्यांनी वयावर ढकलला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तर अँटी-एचसीव्ही (हेपटायटिस सी विरुद्धच्या अँटीबॉडीची टेस्ट) पॉझिटिव्ह! घरात एकदम गोंधळ, कुणीतरी तिचं ताट-वाटी-पेला वेगळं काढून ठेवलं, आणि मला त्याचा फार राग आला, कारण हा रोग एकत्र जेवल्याने किंवा हात लावल्याने होत नाही, रक्तातून होतो. पुढे आरएनएचा व्हायरल लोड (रक्तात व्हायरस किती आहे ते), फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते), सोनोग्राफी, सोबत हेपटायटिस बी ची तपासणी, सिरॉसिस (यकृत खराब होऊन कडक होणं) निघाला नाही म्हणून हे कॉम्बिनेशन सुरू झालं. सिरॉसिस असेल तर डॅक्लाटासवीरच्या जागी वेलपाटासवीर देतात.

वापरायला कसं आहे: याहून सोपं काय असणार. जेवणाआधी घ्या, नंतर घ्या, फरक पडत नाही, फक्त रोज एकाच वेळी घ्या आणि चुकवू नका. मावशीला पहिले काही दिवस डोकं जड वाटलं, थोडी गळाठली, मग काही नाही, स्वयंपाक, भिशी, देवळात जाणं सगळं चालू. याच्या आधीच्या औषधाशी तुलना केल्याशिवाय याची किंमत कळणार नाही, तेव्हा इंटरफेरॉनची इंजेक्शनं असायची, दर आठवड्याला एक, ती सुद्धा २४ किंवा ४८ आठवडे, सोबत रिबाव्हिरिनच्या गोळ्या, ज्यांनी हिमोग्लोबिन खाली येतं. ताप, अंगदुखी, केस गळणं, नैराश्य इतकं की लोक मधेच सोडून द्यायचे. आणि एवढं सोसून जिनोटाइप १ वाल्या (जिनोटाइप म्हणजे व्हायरसचा प्रकार) पेशंटपैकी साधारण निम्मेच बरे व्हायचे. (आपल्या भारतात जिनोटाइप ३ जास्त.) आता या गोळ्यांच्या कोर्सने शंभरातले नव्वदच्या वर लोक बरे होतात.

आता केमिस्ट्री. सोफोसबुवीर ज्या टीमने बनवलं तिचा प्रमुख मायकेल सोफिया, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनमधल्या फार्मासेट नावाच्या छोट्या कंपनीतला मेडिसिनल केमिस्ट, औषधाला नावही त्याच्याच आडनावावरून. हा व्हायरस स्वतःच्या आरएनएच्या कॉप्या काढतो त्या एनएस५बी नावाच्या पॉलिमरेजने, म्हणजे कॉपी काढणाऱ्या एन्झाइमने, तर कल्पना अशी की त्या एन्झाइमला एक खोटं युरिडिन (आरएनएच्या साखळीतली एक कडी) द्यायचं, ज्याच्या साखरेवर २-प्राइम जागी एका बाजूला फ्लोरिन आणि दुसऱ्या बाजूला मिथाइल बसवलंय, म्हणजे ते साखळीत जोडलं जातं पण त्यानंतर पुढची साखळी वाढत नाही, कॉपी तिथेच तुटते. कागदावर छान. पण हे काम करायला त्या युरिडिनवर तीन फॉस्फेट चढावे लागतात आणि आपल्या पेशी त्याच्यावर पहिलं फॉस्फेट चढवतच नाहीत, त्यामुळे नुसतं युरिडिन दिलं तर काहीच होत नाही. तीन फॉस्फेट चढलेलं रूप मात्र जबरदस्त, पेशीत खूप वेळ टिकणारं. फार्मासेटच्या आधीच्या सायटिडिनवाल्या (ही आरएनएची दुसरी कडी) रेणूचा शरीरात काही भाग बदलून हे युरिडिनचं रूप तयार होतं, त्यावरून हे त्यांच्या लक्षात आलेलं.

मग पहिलं फॉस्फेट आपणच लावून द्यायचं ना? लावता येतं, पण फॉस्फेटवर निगेटिव्ह चार्ज, आणि चार्ज असलेला रेणू पेशीच्या पडद्यातून आत शिरत नाही. इथे वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठातल्या ख्रिस मॅग्विगन यांची युक्ती कामाला आली, फॉस्फेटचा चार्ज एका फिनॉलने आणि एका अमिनो आम्लाच्या एस्टरने झाकून टाकायचा. सोफियाच्या टीमने कुठलं अमिनो आम्ल, कुठला एस्टर, याच्या कितीतरी जोड्या बनवून बनवून तपासल्या आणि शेवटी फिनॉल, एल-अलानिन आणि आयसोप्रोपिल एस्टर यावर थांबले. आतड्यातून शोषली गेलेली गोळी सगळ्यात आधी यकृतात जाते, यकृतातले एन्झाइम ते झाकण एकेक करून काढतात, चार्ज उघडा पडतो आणि रेणू पेशीत अडकतो, बाहेर निघता येत नाही, आणि हेपटायटिस सी राहतो तो यकृतातच! म्हणजे औषध जिथे हवं तिथेच साठतं आणि बाकी शरीरात कमी, साइड इफेक्ट इतके कमी असण्यात याचा मोठा वाटा आहे.

अजून एक बारकावा, फॉस्फरसवर चार वेगवेगळे गट असल्यामुळे त्याची दोन रूपं तयार होतात. आधी दोघांचं मिश्रण होतं, पीएसआय-७८५१, मग ती वेगळी केली, स्फटिकावर एक्स-रे टाकून रचनेची खात्री केली, आणि जे कितीतरी पट जास्त काम करतं ते निघालं पीएसआय-७९७७, तेच आजचं सोफोसबुवीर. याचा पेपर २०१० चा. सिंथेसिस करणाऱ्या माणसाला विचारा, फॉस्फरसवरचं एकच रूप हवं तसं, तेही टनांनी बनवणं म्हणजे काय काम असतं, भारतातल्या प्लांटमधल्या केमिस्ट लोकांनी ते स्वस्तात करून दाखवलं याचं कौतुक मला फार वाटतं.

आणि हे सगळं नशिबाने जमलं असं कुणी समजू नये, त्याच धाटणीचं फॉस्फेट झाकलेलं पण ग्वानोसिनवालं (आरएनएची आणखी एक कडी) दुसरं औषध ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या औषध कंपनीकडे होतं, २०१२ मध्ये चाचणीत पेशंटच्या हृदयावर परिणाम दिसला, एकाचा मृत्यू झाला, आणि ते बंद करावं लागलं. युक्ती तीच, रेणू दुसरा, आणि परिणाम इतका वेगळा.

डॅक्लाटासवीर मात्र याच ब्रिस्टल-मायर्सचं आणि तेही अफलातून. ते व्हायरसच्या एनएस५ए प्रोटीनला धरतं, हे प्रोटीन एन्झाइम नाहीच, त्यामुळे नेहमीसारखं टार्गेट घेऊन सुरुवात करता येत नव्हती, व्हायरसचा आरएनए वाढत असलेल्या पेशींवर ढीगभर संयुगं टाकून शोधावं लागलं. (व्हायरसचा आरएनए पेशीत वाढवायची पद्धत राल्फ बार्टेनश्लागर यांच्या जर्मनीतल्या लॅबची, १९९९. ती नसती तर ही दोन्ही औषधं कशावर तपासली असती?) दोन्हीकडून सारखा रेणू, आणि पहिल्या चाचण्यांत १०० मिग्रॅच्या एकाच डोसने २४ तासांत रक्तातला व्हायरस हजारपटीपेक्षा जास्त उतरला.

किंमतीचं बोललंच पाहिजे. गिलियड या अमेरिकन औषध कंपनीने फार्मासेट साधारण ११ अब्ज डॉलरला घेतली, डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत मंजुरी आली आणि किंमत लावली एका गोळीला १,००० डॉलर, कोर्सचे ८४,००० डॉलर. लिव्हरपूलच्या संशोधकांनी हिशोब केला होता की १२ आठवड्यांचं औषध बनवायला ६८ ते १३६ डॉलर लागतील. इतकं सुंदर काम करून ते लोकांच्या हाताबाहेर ठेवायचं हे मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही. २०१४ मध्ये गिलियडने भारतीय कंपन्यांना लायसन्स दिलं, मार्च २०१५ मध्ये नॅटकोची २८ गोळ्यांची बाटली १९,९०० रुपयांना आली, मग कंपन्या वाढल्या तशी किंमत अजून उतरत गेली, आणि २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट. मावशीला औषधाचा एक रुपया पडला नाही. रांग होती, केस पेपरसाठी एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जावं लागलं, पण तिथल्या सिस्टरनी गोळ्या कशा घ्यायच्या ते शांतपणे समजावलं.

तक्रार एकच, पाकिटातलं पत्रक इंग्रजीत आणि बारीक अक्षरात, मावशीने कसं वाचायचं? त्यात महत्त्वाचं लिहिलेलं असतं म्हणून इथे मराठीत टाकते: टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर हे औषध चालत नाही, त्याची रक्तातली पातळी पडते. हृदयासाठी अमिओडॅरोन चालू असेल तर ठोके धोकादायक कमी होऊ शकतात. आणि हेपटायटिस बी आधी तपासलाच पाहिजे, कारण सी गेल्यावर दबलेला बी उसळी मारू शकतो. जी काय गोळी चालू असेल ती डॉक्टरना दाखवा, आयुर्वेदिक काढे सुद्धा.

रिझल्ट: कोर्स संपल्यानंतर १२ आठवड्यांनी आरएनए टेस्ट केली, व्हायरस नाही. याला बरं झालं म्हणतात, दबलंय असं नाही. तो रिपोर्ट प्लास्टिकमध्ये घालून जपून ठेवा, कारण अँटी-एचसीव्ही टेस्ट बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच येत राहते, पुढच्या कुठल्याही ऑपरेशनला पुन्हा तोच गोंधळ होतो, तेव्हा आरएनएचा कागद दाखवायचा. ज्यांना सिरॉसिस होता त्यांनी व्हायरस गेला तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवायची.

कुणाला सुचवेन? २००१ च्या आधी रक्त चढवलेलं, डायलिसिसवर असलेले, थॅलेसेमियाची मुलं, एकाच सुईने बऱ्याच जणांना इंजेक्शन देणाऱ्याकडे कधी गेलेले, या सगळ्यांनी आधी अँटी-एचसीव्ही करून घ्या, जिल्हा रुग्णालयात विचारलं तर ट्रीटमेंट सेंटर कुठे आहे ते सांगतात. जाताना आधार कार्ड आणि जुने रिपोर्ट सोबत न्या.