डब्ल्यूएसयूएस (ऑफिसातला विंडोज अपडेटचा सर्व्हर) : आठ महिने वापरल्यानंतर

जून २०२५ चा दुसरा मंगळवार १० तारखेला आला. विंडोजचे महिन्याचे अपडेट त्या दिवशी येतात, आपल्याकडे रात्री साडेदहाला (हिवाळ्यात साडेअकराला). म्हणजे ऑफिसात त्यांचा दणका बसतो बुधवारी सकाळी. त्या बुधवारी ११ तारीख, जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरण) भरायचा शेवटचा दिवस. साठ मशिनं मी ऑटो-अपडेटवर सोडलेली, इंटरनेटची लाइन एकच. अकाउंट्सच्या ताई दर दहा मिनिटांनी टेबलापाशी: "अहो, पोर्टल उघडतच नाहीये, बघा ना जरा!"

जुलैत डब्ल्यूएसयूएस, म्हणजे विंडोज सर्व्हर अपडेट सर्व्हिसेस, बसवलं. विंडोज सर्व्हर असेल तर वेगळे पैसे नाहीत, हा रोल (सर्व्हरचा जोडभाग) त्यातच आहे. सर्व्हर अपडेट एकदाच उतरवून घेतो, बाकीची मशिनं लॅनवरून (ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवरून) उचलतात, आणि तुम्ही मंजुरी दिल्याशिवाय काही लागत नाही. ग्रुप पॉलिसीत (सगळ्या मशिनांना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये) सर्व्हरचा पत्ता आणि ८५३० पोर्ट टाकला की झालं, असं मला वाटलं होतं.

पहिल्या आठवड्यात कन्सोलमध्ये (डब्ल्यूएसयूएस सांभाळायच्या खिडकीत) साठपैकी एक्केचाळीसच मशिनं. उरलेली कुठे गेली म्हणून दोन दिवस केबली तपासत बसलो. नंतर ट्यूब पेटली: वीस मशिनं मीच एका इमेजवरून (तयार डिस्कच्या नकलेवरून) क्लोन केली होती, सगळ्यांचा अपडेट-आयडी एकच. एक मशीन दिसायचं, दुसरं त्याच्या जागी येऊन बसायचं. रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातून) जुना आयडी उडवल्यावर सगळी हजर झाली.

दुसरा शहाणपणा म्हणजे कोणते अपडेट हवेत त्या यादीत 'ड्रायव्हर्स'वर टिक केली. डेटाबेस असा फुगला की कन्सोल मान टाकायला लागला, समोर फक्त 'रीसेट सर्व्हर नोड'चं बटण. आयआयएसमध्ये (विंडोजचा वेब सर्व्हर, डब्ल्यूएसयूएस त्यावरच चालतं) डब्ल्यूएसयूएस-पूलची मेमरी मुळात १.८ जीबीच्या आसपास बांधलेली असते, ती वाढवली. ड्रायव्हर्सची टिक काढली, बाद झालेले अपडेट 'डिक्लाइन' केले, म्हणजे नाकारले, क्लीनअप विझार्ड चालवला. हे झाडलोटीचं काम आता दर महिन्याला आहेच, चुकवलं की पुन्हा रडगाणं.

क्रोम, टॅली वगैरे मात्र यात येत नाही, ते अजून हातानेच. आणि नव्याने बसवणाऱ्यांनी हे माहीत असू द्या: सप्टेंबर २०२४ मध्येच यात नवी सुविधा येणार नाही असं जाहीर झालंय. विंडोज सर्व्हर २०२५ मध्ये हा रोल आहे, चालतो, पण वाढणार नाही. शिवाय गेल्या ऑक्टोबरात खुद्द डब्ल्यूएसयूएसमध्येच सुरक्षेचं गंभीर भोक सापडलं, तातडीचा पॅच (दुरुस्ती) आला तो भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. फराळाचा डबा बाजूला ठेवून सर्व्हर रीस्टार्ट केला. आमचा ८५३० पोर्ट बाहेर इंटरनेटला उघडा नव्हता म्हणून घाम कमी फुटला. तुमचा उघडा असेल तर आजच बंद करा.

माझा रतीब असा: बुधवारी पाच मशिनांच्या 'चाचणी' ग्रुपला मंजुरी, त्यात माझं एक आणि अकाउंट्समधलं एकही नाही. शुक्रवारी बाकीच्यांना. कोणतं मशीन मागे राहिलंय ते रिपोर्टात दिसतं, पण लगेच नाही. मशीन मुळात २२ तासांनी एकदा सर्व्हरकडे विचारपूस करतं, त्यामुळे लाल खूण पाहून धावू नका.

या फेब्रुवारीत पुन्हा तोच योग आला, मंगळवारी १०, बुधवारी ११. ताई आल्या चारच्या सुमाराला, प्रिंटरचं टोनर संपलं म्हणून.