मालकाचा ईआयएन: डब्ल्यू-२ वर बघायचा की एडगरवर?

अमेरिकेत टॅक्स रिटर्न भरताना पगार देणाऱ्याचा ईआयएन, म्हणजे कर खात्याने मालकाला दिलेला ओळख क्रमांक, लागतोच. नऊ आकडी नंबर, पहिल्या दोन आकड्यांनंतर आडवी रेघ.

हाताशी डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा मालकाचा फॉर्म, असेल तर दुसरीकडे बघूच नका. वर डावीकडे चौकट 'ए'मध्ये तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर, तिच्या खाली 'बी'मध्ये ईआयएन. तळाशी चौकट १५ मध्येही मालकाचा एक नंबर असतो, पण तो राज्याचा. मी एकदा घाईघाईत तोच टाकला आणि रिटर्न परत आलं. खरी पंचाईत फॉर्म हातात नसताना. मालकाने तो ३१ जानेवारीपर्यंत द्यायचा असतो, पण तुम्ही घर बदललेलं असलं की पाकीट जातं जुन्या पत्त्यावर. अशा वेळी त्याच कंपनीचा गेल्या वर्षीचा डब्ल्यू-२ काढून बघा.

एडगर म्हणजे एसईसीचा, म्हणजे अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाचा, कंपन्यांच्या अहवालांचा फुकटचा ऑनलाइन साठा. कंपनी शेअर बाजारात असेल तर तिच्या १०-के या वार्षिक अहवालाच्या पहिल्याच पानावर ईआयएन छापलेला असतो. काम दोन मिनिटांचं, पण मेख अशी की तो मूळ कंपनीचा असतो. पगार उपकंपनी काढत असेल तर नंबर वेगळा. आपली बरीच मंडळी कन्सल्टन्सीतर्फे क्लायंटकडे काम करतात. त्यांना क्लायंटचा नंबर काय कामाचा? आणि कन्सल्टन्सी खासगी असली तर ती बहुधा एडगरवर सापडतच नाही.

त्यापेक्षा पेरोलवाल्यांना सरळ फोन लावलेला बरा.