श्टुटगार्टच्या बाल्कनीतले लिंबू वासाचे गांजाचे वाण: पेरणीपासून बरणीपर्यंतचा अनुभव

निकाल आधीच सांगते. लिंबाच्या वासासाठी सुपर लेमन हेझ लावायचे असेल, तर झाडाच्या डोक्यावर छप्पर हवे. काचघर असो की वरच्या मजल्याखालची झाकलेली बाल्कनी, ऑक्टोबरचा पाऊस फुलोऱ्यावर पडता कामा नये. तशी जागा नसेल तर लिंबू वासाचेच एखादे ऑटो वाण, म्हणजे ठरावीक वय झाले की आपोआप फुलणारे, घ्या. मी एकाच हंगामात एक हेझ आणि दोन ऑटो लावली आणि सगळा हिवाळा दोन्ही बरण्यांतले वापरले. त्यावरून लिहिते आहे.

कायद्याचे थोडक्यात: जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला राहत्या घरी तीन झाडे लावता येतात. इथे किमान सहा महिन्यांचे वास्तव्य हवे, आणि झाडे व माल मुलांच्या किंवा बाहेरच्यांच्या हाती लागणार नाही अशी सोय हवी. वाळलेला माल घरात ५० ग्रॅमपर्यंतच ठेवता येतो, जास्तीचा नष्ट करावा लागतो. घरचा माल विकणे तर नाहीच, मित्राला फुकट देणेही चालत नाही. भारतात १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली हेच झाड लावणे गुन्हा आहे, त्यामुळे हा अनुभव तिकडच्या गच्चीसाठी नाही. सुट्टीत घरी जाताना सामानात यातले काहीही नको.

या ५० ग्रॅमच्या मर्यादेमुळे मोठ्या झाडाचा हव्यास निरर्थक ठरतो. मी दहा-अकरा लिटरच्याच कुंड्या घेतल्या आणि त्यांत टॉर्फ (दलदलीतला कुजका पालापाचोळा) नसलेली माती, गांडूळखत आणि माती भुसभुशीत राहावी म्हणून थोडा पर्लाइट (हलके पांढरे खडे) भरला. बाहेर ठेवायची घाई केली नाही. इथले जुने बागकाम करणारे ‘आइसहायलिगे’चे, म्हणजे शेवटच्या थंडीचे दिवस, ११ ते १५ मे, उलटल्याशिवाय टोमॅटोसुद्धा बाहेर काढत नाहीत. गांजाच्या रोपालाही तोच नियम लावला. त्यानंतरचा खरा शत्रू गोगलगाय. कोवळे रोप ती एका रात्रीत देठापर्यंत खाते, म्हणून कुंड्या जमिनीवर न ठेवता स्टँडवर ठेवल्या.

आता मुख्य गोष्ट, दिवसाच्या लांबीची. हेझ हे नेहमीच्या गांजासारखे रात्र लांबायला लागली की फुलणारे झाड आहे. श्टुटगार्ट जवळजवळ ४९ अंश उत्तरेला आहे. जूनमध्ये इथे सोळा तासांचा दिवस असतो आणि ऑगस्ट अर्धा सरेपर्यंत तो चौदा तासांच्या आसपास उतरतो. माझ्या हेझने तेव्हाच पांढरे केसर दाखवले. या वाणाला फुलोऱ्याचे नऊ-दहा आठवडे लागतात, म्हणजे काढणी थेट ऑक्टोबरच्या अखेरीस. हा उशीर रक्तातला आहे. सुपर लेमन हेझ हा लेमन स्कंक आणि सुपर सिल्व्हर हेझ यांचा संकर. हेझच्या पूर्वजांत कोलंबिया, मेक्सिको, थायलंड आणि दक्षिण भारतातली झाडे सांगितली जातात. विषुववृत्ताजवळच्या त्या मुलखात थंडी कधी दारात येत नाही, तिथे झाडाला घाई करायचे कारणच नसते. २००८ आणि २००९ मध्ये ॲमस्टरडॅमची कॅनबिस कप ही गांजाच्या वाणांची स्पर्धा जिंकलेले हे वाण खरोखर उत्तम आहे, पण ते दिव्याखाली वाढवणाऱ्यांसाठी जास्त आहे.

ऑटो वाणांत रुडेरालिस या उत्तरेकडच्या गांजाचे रक्त असते. ती दिवसाच्या लांबीकडे पाहत नाहीत, ठरावीक वयाची झाली की फुलतात. मेच्या उत्तरार्धात लावलेली माझी दोन्ही ऑटो ऑगस्टमध्ये, भर उन्हात, कोरडी ठणठणीत काढून झाली. त्यांचा शेंडा मी खुडला नाही, कारण त्यांना सावरायला वेळच नसतो. हेझचा मात्र जूनमध्ये खुडला आणि फांद्या आडव्या बांधल्या. त्यामुळे झाड कठड्याच्या वर गेले नाही आणि तुऱ्यांमध्ये वारा खेळता राहिला.

वारा का महत्त्वाचा, हे नाशिककडच्या द्राक्षवाल्यांना सांगायला नको. तिथे भुरी आणि डावणी, तर इथे करडी बुरशी, बोट्रायटिस. इथल्या नेकार नदीच्या उतारांवरचे द्राक्षबागायतदार सप्टेंबरपासून जिला धास्तावलेले असतात, तीच गांजाच्या दाट तुऱ्यात आतून शिरते. बाहेरून तुरा टवटवीत दिसतो. खूण एकच: मधलेच एखादे बारीक पान अचानक पिवळे पडते आणि नुसता हात लावला की सुटून येते. तिथे उघडून पाहा, आत तपकिरी-करडा भुगा असतो. ऑक्टोबरच्या धुक्याच्या आठवड्यात माझ्या हेझच्या सर्वांत मोठ्या तुऱ्यात ही सापडली. बराच खालपर्यंतचा भाग कापून फेकला आणि उरलेले झाड ठरल्या वेळेच्या आधी काढले. बुरशीचा माल ‘थोडासाच तर आहे’ म्हणून ठेवू नका, तो फुप्फुसात जाणार आहे.

आणि एवढे होऊनही, वासाच्या बाबतीत हेझ जिंकते. ऑटोचा वास सरळ, कागदी लिंबाचा, गोडसर. बरणी उघडताच छान वाटतो, पण दोन-तीन महिन्यांत निम्मा विरतो. हेझमध्ये लिंबाच्या सालीमागून मिरी येते, मग धूप येतो, आणि बोटांना लागलेली राळ संध्याकाळपर्यंत दरवळते. लिमोनीन हेच लिंबू-संत्र्याच्या सालीतले तेल, ते यात असतेच. पण हेझच्या वासाला ती धार टर्पिनोलीन या दुसऱ्या सुगंधी तेलामुळे येते असे मला वाटते. ऑगस्टच्या अखेरीपासून हा वास जिन्यापर्यंत पोहोचतो. शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा.

ही तेले साध्या खोलीतसुद्धा उडून जातात, म्हणून वास टिकवायचे काम काढणीनंतर सुरू होते. सकाळी काढणी केली. फांद्या अंधाऱ्या तळघरात उलट्या टांगल्या, १८ अंशांच्या आसपास, आर्द्रता ५५ ते ६० टक्के, पंखा जवळ पण थेट नाही. हीटरजवळ चार दिवसांत वाळवलेला माल मी पाहिला आहे, त्याला गवताचा वास येतो आणि तो नंतर जात नाही. बारीक काडी वाकण्याऐवजी तुटू लागली की काचेच्या बरणीत भरायचे, आणि सुरुवातीचे काही आठवडे रोज थोडा वेळ झाकण उघडायचे. हेझला महिनाभर बरणीत ठेवल्यावर धुपाची बाजू खुलली. ऑटो लवकर वापरून संपवणे उत्तम.

वापराबद्दल मोजकेच. हेझ डोक्याला हुशारी आणते, शरीर जड करत नाही, पण जास्त झाले तर छाती धडधडते. मी व्हेपोरायझरमध्ये चिमूटभरच घेते आणि तेही शनिवारी दुपारी. झोपेसाठी हे वाण अजिबात नको. ऑटो सौम्य, संध्याकाळी बरे. दुसऱ्या दिवशी गाडी चालवायची असेल तर टाळाच: इथे ऑगस्ट २०२४ पासून रक्तद्रवात प्रतिमिलिलिटर ३.५ नॅनोग्रॅम टीएचसीची (गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाची) मर्यादा आहे, आणि नियमित वापरणाऱ्याच्या रक्तात ते बराच काळ रेंगाळते.

यंदा तिन्ही कुंड्यांत ऑटोच लावणार, दोन मेअखेरीस आणि एक जूनच्या मध्यावर, म्हणजे ताजी बरणी डिसेंबरपर्यंत पुरेल. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाचे काचघर पुढच्या वर्षी भाड्याने मिळण्यासारखे आहे, पण ते माझ्या राहत्या घरात धरले जाते का, हे वकिलाला विचारल्याशिवाय हेझची बी काढणार नाही.