फ्लोरिनमुक्त रेनजॅकेट: पाणी अडतं, तेल अडत नाही

निकाल आधी सांगतो. गोअर-टेक्स या जलरोधक कापडाच्या ब्रँडचा नवा ईपीई पडदा आणि फ्लोरिन नसलेला बाहेरचा लेप असलेलं तीनपदरी जॅकेट घ्यायला हरकत नाही. पाऊस ते नीट अडवतं. पण जुन्या जॅकेटसारखं दोन-दोन पावसाळे न धुता वापरलं, तर ते गळतंय अशी खात्रीच पटेल. प्रत्यक्षात ते गळत नसेल.

असं का, हे समजायला जॅकेटमधल्या दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. आतला पडदा पाणी थांबवतो आणि घामाची वाफ बाहेर सोडतो. 1976 पासून गोअर-टेक्समध्ये तो ताणलेल्या पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनच्याच जातीचा होता. 2022 च्या हिवाळी मालापासून ताणलेलं पॉलिएथिलीन, म्हणजे ईपीई, आलं. दुसरी गोष्ट बाहेरच्या कापडावरचा लेप, डीडब्ल्यूआर. थेंब मोत्यासारखे घरंगळतात ते याच्यामुळे. आधी हा लेप आठ कार्बनच्या फ्लोरिन साखळीचा होता (सी-एट), मग सहाचा (सी-सिक्स), आता फ्लोरिनच नसलेला (सी-झिरो). पडदा बदलल्याचं वापरणाऱ्याला फारसं कळतही नाही. लेप बदलल्याचं पहिल्या महिन्यातच कळतं.

हा बदल कंपन्यांनी हौसेनं केलेला नाही. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून पीफास (कार्बन-फ्लोरिन बंधाची रसायनं; सी-एट, सी-सिक्स लेप आणि पीटीएफई यातलेच) मुद्दाम घातलेले नवे कपडे विकता येत नाहीत. एकूण सेंद्रिय फ्लोरिनची मर्यादा 100 पीपीएम आहे, 2027 पासून ती 50 होईल. खोल समुद्रातली मासेमारी, शिडाच्या बोटी, गिर्यारोहण अशा अतिपावसातल्या खास कपड्यांना 2028 पर्यंत सूट आहे, पण त्यावर पीफास असल्याचं छापावं लागतं. साध्या हायकिंग-कॅम्पिंगच्या जॅकेटला ही सूट नाही. न्यूयॉर्कचा कायदाही याच वळणाचा आहे. फ्रान्सची बंदी 1 जानेवारी 2026 पासून, तर डेन्मार्कची 1 जुलै 2026 पासून. मोठ्या कंपन्या राज्याराज्यासाठी वेगळा माल शिवत बसत नाहीत, त्यामुळे हेच जॅकेट सगळीकडे पोचतं.

आता कमी काय झालं ते. पाण्याचा पृष्ठताण साधारण 72 मिलिन्यूटन प्रति मीटर, तेलांचा 20 ते 35. कापडाच्या पृष्ठभागाची ऊर्जा द्रवाच्या पृष्ठताणापेक्षा बरीच कमी असली तरच थेंब गोल राहतो. फ्लोरिनच्या लेपानं ती 6 ते 15 च्या आसपास उतरायची, म्हणून पाणीही घसरायचं आणि तेलही. मेण किंवा सिलिकोनवर आधारलेल्या सी-झिरो लेपाला 20 ते 25 च्या खाली जाता येत नाही. पाण्यासाठी एवढं पुरतं, तेलासाठी नाही. डोक्याचं खोबरेल कॉलरला, सनस्क्रीन बाह्यांना, घामातली चरबी सॅकच्या पट्ट्याखाली. जिथे तेल मुरलं तिथे पुढच्या पावसात कापड पाणी पितं आणि काळपट, जड होतं. आतला पडदा तेव्हाही शाबूत असतो. पण बाहेर पाण्याचा थर बसला की वाफ कोंडते, आतल्या बाजूला घाम साचतो आणि अंग भिजतं. पाणी आत आलं असं वाटतं ते यामुळे.

अमेरिका-युरोपातल्या शिकाऱ्यांना याचा फटका जास्त बसतो. (आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हा प्रश्न नाही. पण पक्षी-प्राण्यांचे फोटो काढणारेही तसलंच आवाज न करणारं कापड शोधतात.) खसखस ऐकू येऊ नये म्हणून शिकारी जॅकेटचं वरचं कापड ब्रश केलेलं, लवदार असतं. अशी लव पाणी धरते, त्यामुळे लेपावर भार जास्त. त्यात बंदुकीचं तेल, प्राण्याचं रक्त आणि चरबी, शेकोटीचा धूर. सी-झिरोचं वैर नेमकं याच गोष्टींशी आहे. मेणाचं कॉटन हा जुना पर्याय थंड, रिमझिम प्रदेशात उत्तम. कोकणात मात्र ते दमट कपाटात बुरशी धरतं.

सह्याद्रीत वापरणाऱ्यांनी आणखी एक हिशेब लक्षात ठेवावा. वाफ बाहेर ढकलायला आत-बाहेरच्या बाष्पदाबातला फरक लागतो. त्वचेजवळ 34 अंशाला हा दाब जास्तीत जास्त 5.3 किलोपास्कल. बाहेर 5 अंशाची ओली थंडी असेल तर 0.9, म्हणजे फरक 4.4. जुलैत राजमाचीच्या वाटेवर 22 अंश आणि हवा पूर्ण भिजलेली असेल तर बाहेरच 2.6, फरक जेमतेम 2.7. थंड देशात कोरडं ठेवणारं जॅकेट इथे चढावर ओलं करणारच. ते लेपाच्या माथी मारू नये. काखेखाली चेन असलेलं घ्या आणि चढताना ती उघडी ठेवा.

सगळ्यात महत्त्वाची धुलाई. खांद्यावर पाणी शिंपडून बघा. थेंब घरंगळले तर काहीच करू नका. डाग काळा पडला तर आधी धुवा, लगेच नवा लेप मारू नका, कारण तेलावर लेप चिकटत नाही. चेन आणि वेल्क्रो बंद करून 40 अंशाच्या आत, पातळ द्रव साबणानं धुवा. पावडर, फॅब्रिक कंडिशनर, ब्लीच अजिबात नको. कंडिशनरचा थर पाणी ओढून घेतो. साबणाचा अंश राहिला तरी तेच होतं, म्हणून दोनदा खळबळून काढा. बोअरचं जड पाणी असेल तर तिसऱ्यांदा. वरून उघडणाऱ्या मशीनमध्ये जोरात स्पिन करू नका. पडद्यातून पाणी निघत नाही, जॅकेट पिशवीसारखं भरतं आणि ड्रम हेलकावे खातो.

मग उष्णता, आणि हीच पायरी बहुतेक जण गाळतात. धुताना लेपाच्या आडव्या पडलेल्या साखळ्या ऊब मिळाल्यावर पुन्हा उभ्या राहतात. ड्रायर असेल तर वाळलेलं जॅकेट 20 मिनिटं कोमट फिरवा. नसेल तर मंद इस्त्री, वाफ बंद, मध्ये सुती टॉवेल. एवढ्यानंही थेंब उभा राहिला नाही, तरच नवा लेप. तीनपदरी जॅकेटला किंवा आत घाम शोषणारं अस्तर असेल तर फवाऱ्याचा घ्या. धुताना पाण्यात घालायचा लेप अस्तरावरही बसतो आणि अस्तर घाम शोषायचं थांबतं. ओल्या कापडावर सुमारे 15 सेंटिमीटरवरून मारायचा, दोन मिनिटांनी ओघळ ओल्या फडक्यानं टिपायचे. खांदे आणि कॉलर दोनदा. पावसाळ्यात दर शनिवार-रविवार डोंगरात असाल तर मोसमात तीन धुण्या धरा.

खरेदीच्या वेळी लेबल नीट वाचा. ‘पीएफओए-फ्री’ (पीएफओए हे सी-एटशी जोडलेलं एकच पीफास) म्हणजे बहुधा सी-सिक्स, फ्लोरिन आहेच. ‘पीएफसी-फ्री डीडब्ल्यूआर’, म्हणजे फ्लोरिनची रसायनं नसलेला लेप, हे फक्त लेपाबद्दल झालं, पडदा पीटीएफईचा असू शकतो. लेप आणि पडदा दोन्हींबद्दल स्पष्ट लिहिलं असेल तरच ते जॅकेट पीफासमुक्त समजा. स्वस्त मालात पडद्याऐवजी नुसता पॉलियुरेथेनचा थर असतो. तोही फ्लोरिनमुक्तच, पण मुंबईच्या दमट कपाटात आठ महिने घडी घालून ठेवला की चिकट होऊन सुटतो. टांगून ठेवा.

एवढी खटपट करायची का, असं वाटत असेल तर इटलीकडे बघा. व्हेनेटोतल्या त्रिस्सिनो गावच्या कारखान्यानं व्हिचेंझा, व्हेरोना, पादोव्हा भागांतलं पिण्याचं पाणी पीफासनं दूषित केलं. 2018 मध्ये तो दिवाळखोरीत गेला आणि त्याची यंत्रं पुढे रत्नागिरी जिल्ह्यात लोटे-परशुरामला आली. कार्बन-फ्लोरिन बंध निसर्गात जवळपास तुटत नाही, त्यामुळे पाण्यात गेलेलं पिढ्यान्‌पिढ्या राहतं. जुनं फ्लोरिनचं जॅकेट घरी असेल तर फेकू नका. हे कायदे नव्या मालाच्या विक्रीसाठी आहेत. ते फाटेपर्यंत वापरा, फक्त नवा लेप देताना बाटलीवर फ्लोरिन नाही ना, तेवढं बघून घ्या.